सेल्फवरचा आळ

ठाण्याजवळच्या दिव्यात मोटार ही गरजेची वस्तू नाही, हौसेची आहे. इथल्या माणसाचं जाणंयेणं पिढ्यान्‌पिढ्या रेल्वेच्या हवाली झालेलं. सोमवार ते शनिवार तो लोकलच्या दारात एका पायावर उभा असतो आणि त्याची गाडी इमारतीखाली कव्हर पांघरून चारही चाकांवर निवांत असते. हप्ते तो भरतो, आराम ती करते. रविवारी मात्र कव्हर निघतं. बॉनेटवरचे मांजराच्या पावलांचे ठसे पुसले जातात, काचेवर तांब्याभर पाणी ओतलं जातं, टिटवाळ्याच्या गणपतीला नाहीतर अंबरनाथच्या शिवमंदिराला जायचं म्हणून मंडळी मागच्या सीटवर दाटीवाटीने बसतात आणि गृहस्थ किल्ली फिरवतात.

टक्.

पुढे काही नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा टक्.

मोटारीत बिघडण्यासारखं पुष्कळ असतं, पण बहुतेक बिघाड खासगी असतात. क्लच घसरायला लागला, एसीचा गॅस संपला, तर ते मालकाला आणि फार तर त्याच्या मेकॅनिकला कळतं. सेल्फचा बिघाड सार्वजनिक असतो. तो ऐन निघायच्या वेळी, सगळे नटूनथटून बसलेले असताना, आवाजासकट जाहीर होतो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ब्रश तोंडात धरून उभा असलेला माणूसही तो ऐकतो आणि फेस सांभाळत निकाल देतो, ‘सेल्फ गेला!’ मग दोन-तीन जण चपला सरकवत खाली येतात. एक जण बॉनेट उघडायला सांगतो. त्यातलं त्याला काही कळतं असं नाही, पण बॉनेट उघडं असलं की बोलायला बरं पडतं. कोणीतरी म्हणतं, ‘खाली पान्याने दोन टोले द्या.’ वॉचमन धक्क्याची तयारी म्हणून बाह्या वर करतो. मागच्या सीटवरून शांत आवाज येतो, ‘अहो, अजून लोकल मिळेल.’

या सगळ्या गडबडीत ज्याच्यावर आळ आला त्याची बाजू कोणी ऐकत नाही. इंजिनाच्या कुशीत, गिअरबॉक्सजवळ, खाली अंधारात बसलेली ती लांबोडकी मोटर. पुस्तकात तिचं नाव स्टार्टर, पण गॅरेजात, रिक्षास्टँडवर आणि आमच्या इमारतीत ती सेल्फच. दिवसातून एखाददोन सेकंद तिला काम. मला विचाराल तर तिच्यावर येणारे निम्मे आळ तरी खोटे असतात.

शीळफाट्याच्या वाटेवर एका गाळ्यात एक मिस्त्री बसतात. मोटारीच्या वायरिंगची कामं करतात. त्यांच्याकडे कोणी ‘सेल्फ गेलाय, नवा टाका’ म्हणत आलं की ते ऐकून घेतात, मान डोलावतात आणि विचारतात, ‘आवाज कसा येतो?’ सुशिक्षित माणसाला इथे घाम फुटतो. ‘स्टार्ट होत नाही’ हे त्याला सांगता येतं, पण आवाज काढून दाखवायला लाज वाटते. मिस्त्री मात्र तो काढून घेतल्याशिवाय हलत नाहीत. त्यांच्या गाळ्यात मी चांगले इस्त्रीचे शर्ट घातलेले लोक ‘टकटकटकटक’ आणि ‘घुं… घुं… घु’ असं म्हणताना पाहिलेत.

पण त्या आवाजांतच सगळं असतं. किल्ली फिरवल्यावर सेल्फच्या पाठीवर बसलेला सोलेनॉइड आधी जागा होतो. त्यात दोन वेटोळी असतात. एक जोरकस, ते लोखंडी दांडा झटक्यात ओढून घेतं. दुसरं हलकं, ते ओढलेला दांडा धरून ठेवतं. दांडा आत गेला की तांब्याची जाड चकती दोन टोकांवर टेकते आणि बॅटरीचा खरा प्रवाह मोटरमध्ये शिरतो. बॅटरी बसलेली असेल तर गंमत होते. दांडा ओढला जातो, चकती टेकते, मोटर प्रवाह मागते, त्या मागणीनेच व्होल्टेज कोसळतं, धरून ठेवणारं वेटोळं हात सोडतं, दांडा मागे येतो. मोटर सुटली म्हणून व्होल्टेज पुन्हा सावरतं, दांडा पुन्हा ओढला जातो. हे सेकंदाला कितीतरी वेळा. तेच ते टकटकटकटक. म्हणजे या आवाजात सेल्फचा दोष जवळजवळ नसतोच, तो तर परत परत प्रयत्न करत असतो. एकच कोरडं टक् येऊन शांतता पसरली, तर चकती जळलेली असू शकते, कार्बनचे ठोकळे झिजलेले असू शकतात किंवा वायरचं टोक सैल असू शकतं. ‘घुं… घुं’ म्हणजे ताकद कमी पडतेय. ‘सुंईऽऽ’ असं मोकळं फिरतंय आणि इंजिन ढिम्म, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनाशी जोडणारा दातेरी भाग, गेला. आणि ‘खर्रर्र’ आलं तर दाताला दात लागतोय, तिथे मात्र किल्ली लगेच सोडायची.

आवाज काढून झाला की मिस्त्रींची पहिली तपासणी फुकटातली. हेडलाइट लावायचे आणि सेल्फ मारायचा. दिवे मंदावून विझायला आले, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टोकांवर. दिवे तसेच झळझळीत राहिले आणि नुसतं टक् झालं, तर प्रवाह सेल्फपर्यंत पोचतच नाहीये किंवा पोचून आत अडकलाय. मग मल्टिमीटर निघतो. उभ्या गाडीत बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली. सेल्फ फिरत असताना ती साडेनऊच्या खाली जाता कामा नये. गेली, तर सेल्फला नावं ठेवण्याआधी बॅटरीची चौकशी करा.

दिव्यातल्या रविवारच्या गाड्या इथेच सापडतात. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, संगणक थोडी थोडी वीज खातच असतात. अगदी 30 मिलिअॅम्पिअर धरले तरी आठवड्याचे 168 तास झाले की पाच अॅम्पिअर-अवर गेले. लहान मोटारीची बॅटरी पस्तीसेक अॅम्पिअर-अवरची. दोन रविवार पाहुणे आले, एक रविवार मेगाब्लॉकच्या बातम्या बघण्यात गेला, की तिची निम्म्याच्या आसपास कमाई बसल्या जागी संपते. नंतर स्टेशनपर्यंत एक फेरी मारून ‘बॅटरी चार्ज केली’ असं समाधान मिळतं, पण तेवढ्यात ती भरत नाही.

बॅटरी ठीक निघाली तर तिसरी चौकशी वायरींची. मला स्वतःला ही तपासणी सगळ्यात आवडते. मिस्त्री मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन टोकावर ठेवतात, दुसरं सेल्फच्या जाड बोल्टावर, आणि हाताखालच्या पोराला सेल्फ मारायला सांगतात. दोन्ही टोकं एकाच वायरची, म्हणजे मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तेवढी वीज वाटेतच कोणीतरी खातंय. मग तीच परीक्षा ऋण बाजूला, इंजिनाचं अंग आणि बॅटरीचं टोक यांच्यामध्ये. तिथे 0.2 व्होल्टच्या वर नको. खाडीकाठची दमट हवा, पावसाळ्यात साचणारं पाणी, आणि महिनोन्‌महिने उभी गाडी. टर्मिनलवर पांढरट-हिरवट भुकटी धरते, बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या पट्टीखाली गंज चढतो. डोळ्यांना वायर धडधाकट दिसते, मीटरला मात्र फसवता येत नाही. गरम पाणी, तारेचा ब्रश, दहा नंबरचा पाना आणि वरून थोडं व्हॅसलीन, एवढ्यावर कितीतरी ‘गेलेले’ सेल्फ परत आलेले मी पाहिलेत. मालकांचे चेहरे अशा वेळी थोडे पडतात. नवा सेल्फ टाकला असं सोसायटीत सांगता येतं, टर्मिनल घासलं हे काय सांगायचं!

आता सेल्फ खरंच दोषी निघाला तर तो उतरवायचा. आधी बॅटरीचं ऋण टोक सोडायचं, कारण त्या जाड वायरला फ्यूज नसतो आणि पाना भलतीकडे टेकला तर फुलबाजी उडते. सेल्फ हातात आला की पहिल्यांदा त्याचं वजन जाणवतं. एवढ्याशा वस्तूत तांबं आणि लोखंड ठासून भरलेलं. लहान मोटारीचा सेल्फ सुरुवातीला दीडशे अॅम्पिअरच्या घरात प्रवाह ओढतो. घरच्या पंख्याला अर्धा अॅम्पिअरही लागत नाही. एवढा प्रवाह सतत चालला तर सेल्फ स्वतःच्याच उष्णतेने जळून जाईल. म्हणून दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारत राहू नये आणि मध्ये त्याला थंड होऊ द्यावं. आमच्याकडचे लोक मात्र किल्ली अशी धरून ठेवतात की जणू इंजिनाशी हट्टाची पैज लागली आहे.

मोटर क्षणभरच लागणार असेल तर तिच्यावर क्षणभर अतोनात भार टाकता येतो, ही अक्कल गल्ल्यातून आली. अमेरिकेत ओहायोमधल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याचा खण विजेने उघडणारी मोटर त्याने केली. पुढे कॅडिलॅकने त्याला मोटारीसाठी सेल्फ करायला सांगितलं, आणि तो 1912च्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये आला. तोपर्यंत इंजिन हाताने हँडल मारून चालू करायचं, आणि इंजिन उलटं झटकलं की मनगट मोडायचं. ज्यांना हे नको होतं, ते सरळ विजेवर चालणारी मोटार घेत, तीही त्या काळी रस्त्यावर होतीच. सेल्फ आला आणि विजेच्या मोटारीचं एक मोठं गिऱ्हाईक तुटलं. एका विजेच्या मोटरने दुसऱ्या विजेच्या मोटारीचा धंदा बसवला. भाऊबंदकी काही फक्त आपल्याकडेच नाही.

आपल्याकडे हँडल बराच काळ टिकलं. अॅम्बेसेडर आणि पद्मिनी चालवणारे लोक ते डिकीत बाळगून असत. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत आवळायचा नाही, आणि हँडल खाली दाबायचं नाही, वर ओढायचं, हे ज्ञान वडील मुलाला पोहण्याइतक्याच गंभीरपणे देत. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर निरोप घेऊन गेली. आम्हां दिवेकरांना प्रीमियर हे नाव अजून रोज ऐकू येतं, पण ते मोटारीमुळे नाही. कल्याण-शीळ रस्त्यावर पद्मिनी बनवणाऱ्या या प्रीमियर कंपनीचा कारखाना होता, नव्वदीच्या दशकात तिथे प्यूजो 309 बनत होती. आता रिक्षावाला ‘प्रीमियर’ म्हणतो तेव्हा मैदान आणि टॉवर डोळ्यांपुढे येतात.

हँडल गेलं आणि उरला धक्का. एसटीचे प्रवासी हे महाराष्ट्राचं सगळ्यात अनुभवी धक्कादळ. दुसरा गिअर, क्लच दाबलेला, किल्ली चालू, गाडीने वेग धरला की क्लच सोडायचा. मुंब्र्याच्या माणसाला पारसिकच्या डोंगराचा आधार आहे, तो गाडी उताराला लावून बेफिकीर झोपू शकतो. दिव्याची जमीन भातशेतीची, खाडीची, ताटासारखी सपाट. इथे शेजाऱ्यांशी संबंध चांगले ठेवावे लागतात.

तर, उतरवलेला सेल्फ मिस्त्री उघडतात. मागची टोपी निघाली की काळी पूड बाहेर पडते. ते कार्बन. चार छोटे ठोकळे, स्प्रिंगच्या जोरावर फिरत्या तांब्याला टेकून त्यात वीज सोडणारे. तांब्याला घासून घासून ते आखूड होतात, निम्म्याच्या खाली गेले की स्प्रिंगचा दाब पुरत नाही आणि ठोकळा घरात तिरका अडकतो. खाली जमलेल्यांपैकी कोणीतरी सांगितलेल्या टोल्यांचं गुपित हेच आहे. टोला बसला की अडकलेला कार्बन सुटून पुन्हा तांब्याला टेकतो आणि गाडी चालू होते. टोले सांगणाऱ्याची कॉलर ताठ होते, पुढचे काही दिवस तो इतरांच्या फ्रिजबद्दलही मत देऊ लागतो. कार्बन मात्र तेवढाच आखूड असतो.

कम्युटेटर, म्हणजे ते फिरतं तांबं, काळं पडलेलं असेल तर बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्यायचं. त्याच्या पट्ट्यांमध्ये अभ्रकाच्या चिरा असतात, त्या तांब्याच्या पातळीवर आल्या तर कार्बन उडतो, म्हणून त्या अर्धा-पाऊण मिलिमीटर खोल कोरून घ्यायच्या. हे काम मिस्त्री हॅक्सॉच्या पानाच्या तुकड्याने करतात आणि त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलत नाही. दोन्ही टोकांचे बुश बघायचे, ते झिजले की आर्मेचर, म्हणजे फिरणारा गाभा, खाली बसून भोवतीच्या फील्डला घासतं. मग ग्रोलर. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा लोखंडी गाभा, त्यावर वेटोळं, विजेवर गुरगुरणारा. आर्मेचर त्यावर ठेवायचं, वर हॅक्सॉचं पान अलगद धरायचं आणि आर्मेचर हळूहळू फिरवायचं. आत दोन वेढे एकमेकांना चिकटले असतील, तर त्या जागी पान थरथर कापायला लागतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा भगताचा प्रकार वाटतो. बेंडिक्स हातात घेऊन फिरवायचा, एका बाजूला फिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूला अडला पाहिजे. कारण इंजिनाच्या दात्यांच्या रिंगपुढे सेल्फचा दातेरी गट्टू अगदी लहान असतो, इंजिनाच्या एका फेरीला त्याच्या दहा-पंधरा फेऱ्या. इंजिन सुरू होऊन पळायला लागलं आणि गट्टू अडकून राहिला, तर सेल्फच्या चिंध्या होतील. बेंडिक्सच्या एकतर्फी क्लचने त्या क्षणी सेल्फला सोडवायचं असतं. बेंडिक्सला फक्त पेट्रोलने पुसायचं, पेट्रोलमध्ये बुडवायचं नाही, आतलं ग्रीस धुऊन जातं.

जोडणी झाली की टेबलावरची परीक्षा. सेल्फ व्हाइसमध्ये घट्ट धरायचा. नवखा पोरगा पायाखाली दाबून धरायला बघतो, तेव्हा मिस्त्री ओरडतात, कारण वीज मिळताच सेल्फ असा झटका देतो की पाय निसटतो. ऋण टोक बॉडीला, धन टोक जाड बोल्टाला, आणि एक बारीक वायर सोलेनॉइडच्या छोट्या पिनेला टेकवायची. गट्टू टाणकन बाहेर उडी मारतो आणि गाळाभर सूर घुमतो. पण तो दोन-तीन सेकंदच ऐकायचा. ही सिरीज मोटर असते. उभी असताना तिचा जोर सगळ्यात जास्त, पण अंगावर ओझं नसलं की वेग वाढतच जातो, अगदी तारा उखडेपर्यंत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यातले आमचे काही काका मला यामुळे नीट समजले. त्यांना सोसायटीचं सेक्रेटरीपद दिलं की ते ठीक चालतात.

आणि दिव्याच्या माणसाला सिरीज मोटरची ओळख करून द्यायची गरजच नाही. 1500 व्होल्ट डीसीवर चालणाऱ्या जुन्या लोकलच्या पोटात हीच जात होती. ठाण्यापासून खच्चून भरलेला डबा, दारात दिवेकर, आणि तरी जागचा हलताना गाडीला जो जोर येई तो याच स्वभावाचा. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरची डीसी वीज 2015मध्ये गेली, पुढच्या एप्रिलमध्ये हार्बरवरून शेवटची डीसी लोकल धावली. आताच्या लोकलच्या मोटरींना कार्बनच नाहीत. मोटारींचंही तेच चाललंय. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्या आहेत. काही गाड्यांमध्ये बेल्टवरचा जनरेटरच इंजिन फिरवतो, खुसपूस न करता. आणि विजेच्या मोटारीत सेल्फ नाहीच. केटरिंगने ज्यांचं गिऱ्हाईक तोडलं त्यांनी शंभर वर्षं थांबून हिशेब चुकता केला.

मी मिस्त्रींना विचारलं, या विजेच्या गाड्या आल्या तर तुमचं कसं? त्यांनी उत्तराऐवजी एक किस्सा सांगितला. दिव्याच्या फाटकातला. पूर्वेकडून पश्चिमेला जाणाऱ्यांनी त्या फाटकाला वर्षानुवर्षं जेवढा वेळ दिला, तेवढा घरच्यांना दिला नसेल. एकदा फाटक पडायच्या बेतात असताना एक जुनी मोटार रुळांच्या ऐन मध्ये बंद पडली. पेट्रोलच संपलेलं. मागून हॉर्न, पुढून शिव्या, ड्रायव्हर पांढराफटक. मिस्त्री तिथेच पायी जात होते. त्यांनी खिडकीतून आत हात घालून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि ड्रायव्हरला म्हणाले, क्लच सोड आणि नुसता सेल्फ मारत राहा. गाडी हिसके देत, माणसाच्या चालीपेक्षाही हळू, पण स्वतःच्या पायाने रूळ ओलांडून पलीकडे गेली. इंजिन शेवटपर्यंत बंदच होतं.

‘म्हणजे तेवढे दहा-बारा फूट ती विजेचीच गाडी होती की,’ मी म्हणालो.

‘होतीच,’ मिस्त्री कार्बनची पुडी फोडत म्हणाले. ‘पण आता क्लच दाबल्याशिवाय सेल्फ घेतच नाहीत नव्या गाड्या. तुमची जुनी आहे, तिला जमेल. फक्त घरी जाऊन करून बघू नका. सेल्फ जळेल आणि परत माझ्याकडे येऊन म्हणाल, कालच तर सर्व्हिस केला होता.’